आवाज आधी की चित्रं आधी?
आमच्या तीन मिनिटांच्या ॲनिमेशनपटात आजीचा आवाज बडोद्यातल्या, दांडिया बाजारच्या एका काकूंचा. गणेशोत्सवातल्या नाटकांत मुरलेल्या. आधी चित्रं करून डबिंग केलं, तर बिचाऱ्या पडद्यावरच्या ओठांमागे धावतच राहिल्या. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 24 चित्रं. तीन-चार चुकल्या तरी खटकतं. मग आवाज आधी घेतला. ‘अरे, खाऊन तरी जा’ म्हणताना त्या मध्येच खाकरल्या, आणि त्या खाकरण्यावरच आम्ही आजीची मान वळवली. एरवी सुचलंच नसतं! मात्र नंतर संवाद बदलला, की पुन्हा काकूंच्या दारात. डबिंग चालतं ते निवेदनाला, नाहीतर तोंड न दिसणाऱ्या पात्राला. पंखा दोन्ही वेळा बंद, त्याची घरघर रेकॉर्ड होऊ नये म्हणून. मे महिना, आवाज घुमू नये म्हणून गोधड्या टांगलेली खोली आणि काकूंचा भिजून चिंब रुमाल.