सीपीजी ओडीएन २००६ : पावडर भारी, पण कंट्रोलचे पैसे वेगळे (४/५)

लॅबसाठी मागवलेली सीपीजी ओडीएन २००६ ची व्हायल (बी सेल्सना, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींना, जागं करणारी पावडर; २००६ हा नंबर, साल नाही) आता संपत आली म्हणून लिहितोय. व्हायल म्हणजे काय तर तळाला चिकटलेला पांढरा ठिपका, आमच्याकडचा नवीन मुलगा तर रिकामी पाठवली म्हणून सप्लायरला फोनच करणार होता. उघडायच्या आधी सेंट्रिफ्यूजला फिरवून घ्या, नाहीतर झाकणाबरोबर पैसे उडाले समजा. मे महिन्यात पार्सल आलं, बर्फाचं पार पाणी झालेलं, पण माल सुका असल्याने काही बिघडलं नाही.

आहे काय तर २४ अक्षरांचा कृत्रिम डीएनए, त्यातल्या सीजी जोड्या बॅक्टेरियासारख्या, म्हणजे मिथाइल न लावलेल्या. बी सेलच्या आत एंडोसोम नावाच्या पिशवीत टीएलआर ९ हा बॅक्टेरियाचा डीएनए ओळखणारा रिसेप्टर पहारा देत असतो, तो फसतो. निरोगी डोनरच्या बी सेल्सना घातलं की दोन-तीन दिवसात सेल्स फुगतात, सीडी ८६ (सेल जागी झाल्याची खूण) वर चढतं, मेमरीवाल्या (आधी जंतू पाहिलेल्या) जोरात आणि नाईव्हवाल्या (अजून कोऱ्या) जरा सुस्त. उंदरावरून माणसाकडे आलेल्यांनी सवयीने एलपीएस (बॅक्टेरियाच्या आवरणातला पदार्थ) घालू नका, उंदराच्या बी सेल्सना ते चालतं कारण त्यांच्यात ते ओळखणारा टीएलआर ४ आहे, आपल्यात जवळपास नाहीच, माझा एक अख्खा आठवडा त्यात गेलाय. (आपल्या पोरांना दिलेल्या कोर्बेव्हॅक्स ह्या कोविड लसीत सीपीजी १०१८ होतं, ते ह्याचंच भावंड.)

खरे पैसे वसूल होतात सीएलएलमध्ये, म्हणजे बी सेल्सच्या एका ब्लड कॅन्सरमध्ये. ह्या ल्युकेमियाच्या सेल्स डिशमध्ये नुसत्या पडून राहतात, डिव्हाइडच होत नाहीत, मग क्रोमोसोम बघणार कसे? २००६ आणि आयएल-२ (सेल्स वाढवणारं प्रोटीन) घालून ७२ तास ठेवलं की स्लाइडवर मेटाफेज, म्हणजे डिव्हाइड होताना क्रोमोसोम सुटे दिसणाऱ्या सेल्स, मिळतात. पण सगळ्या पेशंटचं सारखं नाही हं, आयजीएचव्ही (अँटिबॉडीचं जीन) म्युटेट न झालेल्या सेल्स वाढतात आणि म्युटेट झालेल्या बऱ्याचदा मरायलाच लागतात, मला आधी वाटलं व्हायलच खराब निघाली.

टीएमडी८ ह्या लिम्फोमाच्या सेल लाइनवर लावणार असाल तर आधी विचार करा. तिच्यात मायडी८८ चं (टीएलआरचा सिग्नल पुढे नेणाऱ्या प्रोटीनचं) एल२६५पी म्युटेशन आहे, म्हणजे टीएलआरच्या खालची वायरच शॉर्ट, बटण न दाबता बेल वाजतेय, मग तुमच्या पावडरने किती फरक पडला ते कळणार कसं. वाल्डेनस्ट्रॉम ह्या बी सेल्सच्या कॅन्सरच्या ९० टक्क्यांहून जास्त पेशंटमध्ये हेच म्युटेशन सापडतं.

एक स्टार कापला तो कंट्रोलसाठी. डीएनए टिकावा म्हणून कण्यात सल्फर घातलेला असतो, आणि तो कणा स्वतःच सेल्सना थोडं हलवतो, त्यामुळे सीजीचं जीसी केलेलं २१३७ हे कंट्रोल (तुलनेसाठीचं) शेजारच्या वेलमध्ये नसेल तर रिझल्टला अर्थ नाही, आणि ते वेगळं विकतात!! ऑर्डर करताना नंबर पण नीट बघा, २२१६ हे ए क्लासचं, त्याने डेंड्रिटिक सेल्स (दुसऱ्या रोगप्रतिकारक पेशी) इंटरफेरॉन हे व्हायरसविरोधी प्रोटीन काढतात, बी सेल्सवर त्याचा फारसा उपयोग नाही.

विरघळवल्यावर छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे २० ला ठेवा आणि लेबल पक्क्या मार्करनेच लिहा. आमच्या फ्रीझरमध्ये सध्या एक ट्यूब आहे, ती २००६ की २१३७ हे कोणीच छातीठोक सांगत नाहीये आणि टाकून द्यायला सर तयार नाहीत.