शिकागोची फर्म, ताशी ३५ डॉलर आणि विम्याचा हप्ता

ताशी ३५ डॉलर, काम घरून, किमान पाच वर्षांचा अनुभव, वकिलीची सनद चालू हवी. पदाचं नाव ‘रिमोट अटर्नी’. नोकरीच्या एका साइटवर ही जाहिरात दिसली आणि पुढच्या काही आठवड्यांत माझे ४३,००० रुपये गेले. पैसे गेले ते गेले, पण माझ्या सनदेची प्रत आजही त्या लोकांकडे आहे आणि ते ती वापरताहेत. पुण्यात घरून काम शोधणारे वकील सध्या पुष्कळ आहेत, म्हणून झालं ते सगळं सविस्तर लिहिते.

मी शिवाजीनगर कोर्टात दिवाणी आणि थोडंफार फौजदारी काम करते. बाबांना पक्षाघात झाल्यापासून घर सोडणं अवघड झालंय. कर्वेनगरहून कोर्ट लांब नाही, पण बोर्डावरचं आपलं प्रकरण कधी पुकारलं जाईल याचा नेम नसतो. दिवसभर बसून दुपारी चारला पुढची तारीख घेऊन यायचं, आणि घरी आईने एकटीने बाबांना कसंबसं खुर्चीवरून पलंगावर घेतलेलं असायचं. तेव्हा घरून करता येईल असं काम शोधायला लागले.

असं काम खरोखर असतं, हे आधी सांगते. करारांची छाननी, डॉक्युमेंट रिव्ह्यू, कायदेविषयक संशोधन अशी कामं अमेरिकन फर्म आणि कंपन्या भारतातून करून घेतात. असं काम बाहेर द्यायला हरकत नाही, मात्र देखरेख आणि जबाबदारी तिथल्या वकिलाची राहील, असं अमेरिकन बार असोसिएशनने २००८ सालीच आपल्या ०८-४५१ क्रमांकाच्या मतात म्हटलंय. पुण्यात अशी कामं करणारी ऑफिसं आहेत, माझ्या ओळखीतले दोघं-तिघं तिथे नीट पगार घेतात. त्यामुळे जाहिरात पाहून पाल चुकचुकावी असं काही नव्हतं.

मुलाखत चॅटवर झाली. कॅमेरा लावायचा नाही, का तर म्हणे ‘क्लायंटच्या माहितीची सुरक्षितता’. प्रश्न मात्र अस्सल. एका करारात इंडेम्निटीचं, म्हणजे नुकसान भरून देण्याच्या हमीचं कलम आणि जबाबदारीवर मर्यादा घालणारं कलम एकमेकांना छेदत असतील तर तुम्ही काय सुचवाल, असं विचारलं. मी उत्तर दिलं, त्यावर उलटप्रश्न आला, तोही बिनचूक. समोर कायदा शिकलेलं माणूस होतं याबद्दल मला आजही शंका नाही.

मग मी माझी अडचण मांडली. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार वकिली चालू ठेवून पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. करायची तर राज्याच्या बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. मला सनद स्थगित करायची नव्हती. पाच मिनिटांत उत्तर आलं: तुम्ही स्वतंत्र सल्लागार असाल, पगार नाही, प्रत्येक प्रकरणाचं बिल वेगळं, त्यामुळे नियम ४९ लागूच होत नाही. माझा विश्वास बसला तो इथे. शिकागोतल्या एचआरवाल्याला आपला नियम ४९ क्रमांकासकट तोंडपाठ कसा, हा प्रश्न त्यातच दडलेला होता. तो माणूस शिकागोत नव्हताच. आपल्याच बाररूममध्ये चहा प्यायलेला असावा, असं मला अजूनही वाटतं. वेळेचंही तसंच. जानेवारीत पुण्यात सकाळचे अकरा वाजतात तेव्हा शिकागोत आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. एचआरचे सगळे मेसेज मात्र पुण्याच्या ऑफिसच्या वेळेत यायचे, आणि दुपारी एक ते दोन शुकशुकाट.

यानंतर एनडीए, म्हणजे गोपनीयतेचा करार आला. सतरा पानी, उत्तम इंग्रजीत, कुठे एक स्वल्पविराम चुकलेला नाही. त्यात असं कलम होतं की नेमणुकीची प्रक्रिया, फर्मचं नाव आणि मोबदला याबद्दल कुटुंबीय, सहकारी किंवा ‘कोणताही अन्य विधिज्ञ’ यांच्याशी बोलायचं नाही. या तीन शब्दांवर थांबा, कारण सगळी मेख त्यांच्यातच होती. एरवी आमच्यात साधा भाडेकरार असला तरी कुणीतरी सीनियरच्या टेबलावर नेऊन टाकतो, ‘सर, जरा नजर घाला’ म्हणतो. ती वाट या कलमाने बंद केली. आणि वकिलाला गोपनीयता पाळा म्हटलं की तो पाळतो, सवयच असते. सतरा पानांवर सही करून सनद, पॅन, आधार आणि सहीचा नमुना पाठवला.

मग विम्याचं बिल आलं. अमेरिकेतल्या वकिलांना व्यावसायिक चुकांसाठी विमा लागतो, बारचा तसा नियम आहे, पहिल्या वर्षाचा हप्ता १८,५०० रुपये, पहिल्या बिलात परत मिळेल. बिलावर लेटरहेड, शिकागोचा पत्ता, झिप कोड, पॉलिसी क्रमांक, विम्याची मर्यादा डॉलरमध्ये, आणि सगळ्यात खाली यूपीआयचा क्यूआर कोड. स्कॅन केल्यावर पैसे घेणाऱ्याच्या जागी कुठल्याशा ‘एंटरप्रायझेस’चं नाव दिसलं. विचारलं तर म्हणे, तो आमचा ‘इंडिया कलेक्शन पार्टनर’.

आता खरी गोष्ट ऐका. अमेरिकेत वकिलाला असा विमा सक्तीचा आहे तो फक्त ऑरेगन आणि आयडाहो या दोन राज्यांत. शिकागो इलिनॉयमध्ये येतं. तिथे विमा घेतलाच पाहिजे असं बंधन नाही. आहे की नाही, एवढं दरवर्षी नोंदणीच्या वेळी कळवावं लागतं. शिवाय पुण्यात बसून देखरेखीखाली काम करणाऱ्या माणसाचा स्वतंत्र हप्ता मागायचं काही कारणच नाही, विमा असला तर तो फर्मचा असतो.

पैसे भरल्यावर लगेच काम आलं, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलं. कामही खरं होतं. कुणाच्या तरी पुरवठा करारांचा गठ्ठा, त्यातली मुदत, दंड, वादनिवारणाची कलमं काढून तक्त्यात भरायची. बाबा झोपले की रात्री बसून मी ते पुरं केलं. ते काम त्यांनी पुढे कुणाला तरी विकलं असावं, असा माझा अंदाज. म्हणजे माझ्याकडून पैसेही घेतले आणि मजुरीही करून घेतली! पहिलं बिल काढायच्या आधी रिव्ह्यूच्या सॉफ्टवेअरचं ‘लायसन्स’ म्हणून आणखी २४,५०० मागितले. पुढ्यात पूर्ण झालेलं काम असताना हात आखडता घेणं जड जातं, आणि त्यांना ते नेमकं ठाऊक असतं.

तिसरी मागणी वेगळी होती. ‘आमच्या एका भारतीय क्लायंटची फी तुमच्या खात्यात जमा होईल, आठ टक्के तुमचे ठेवून उरलेली आम्ही देऊ त्या खात्यावर पाठवा.’ हे वाचलं आणि मला हडपसरचा एक मुलगा आठवला. त्याच्या जामिनाचं काम मी केलं होतं. कमिशनसाठी त्याने आपलं बँक खातं दुसऱ्याला वापरू दिलं, त्यात कुठल्या तरी राज्यातल्या सायबर फसवणुकीचे पैसे आले, आणि पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली खातं गोठवलं. अशा खात्याला सायबरवाले ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात. तोच डाव आता वकिलाच्या खात्यावर खेळायचा होता, कारण वकिलाच्या खात्यात लोकांची फी येते-जाते, बँकेला त्यात वावगं वाटत नाही.

मी नाही म्हटलं आणि भाषाच बदलली. एनडीएचा भंग, ५०,००० डॉलरची नुकसानभरपाई, बार कौन्सिलकडे तक्रार. शेवटच्या धमकीने पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू. पण मग करार कायदा घेऊन बसले. १८७२ च्या त्या कायद्यात कलम १७ आणि १९ प्रमाणे कपटाने मिळवलेली संमती फसवलेल्या माणसाला रद्द करता येते, कलम २३ प्रमाणे बेकायदा हेतूचा करार मुळातच पोकळ, आणि कलम ७४ मुळे करारात कितीही आकडा लिहिला तरी कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं. गुन्ह्याची फिर्याद देऊ नये असं बंधन तर कुठल्याच एनडीएने घालता येत नाही. तुम्हाला अशी धमकी आली तर उत्तर देत बसू नका.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरही नोंदवता येते, पण पैसे नुकतेच गेले असतील तर आधी फोनच करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत रोखायची असते. माझा विम्याचा हप्ता केव्हाच गायब झाला होता. दुसऱ्या रकमेतले ११,००० रुपये तेवढे एका बँकेत अडकवून ठेवता आले. ते सोडवून घ्यायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केलाय. पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी माझं ओळखपत्र पाहून विचारलं, “मॅडम, तुम्ही वकील ना?” मी म्हटलं, “हो, म्हणून तर कलमं लिहूनच आणलीत.” भारतीय न्याय संहिता ३१८(४) आणि ३१९(२), माहिती तंत्रज्ञान कायदा ६६ड. ते हसले आणि खुर्ची पुढे केली. हाच प्रश्न बाररूममध्येही विचारला जाईल या लाजेने किती वकील गप्प बसले असतील, देव जाणे. त्या लाजेच्या भरवशावरच हे धंदे चालतात.

त्यांनी वापरलेलं नाव एका खऱ्या फर्मचं होतं, आणि ज्या भागीदाराच्या नावाने सह्या होत्या तोही खरा. इलिनॉयच्या वकिलांची नोंद एआरडीसी नावाची संस्था ठेवते, तिच्या साइटवर नाव टाकून कुणालाही फुकट शोधता येतं, आणि विमा आहे की नाही तेही तिथेच दिसतं. पण नुसतं नाव सापडून भागत नाही, सोंग घेणारा खऱ्याच माणसाचं सोंग घेतो. त्या नोंदीतल्या किंवा फर्मच्या मूळ साइटवरच्या नंबरवर स्वतः फोन लावायचा आणि विचारायचं, ही जाहिरात तुमची का? मी नंतर लावला. रिसेप्शनवरच्या बाईंना माझ्या फोनचं नवल वाटलं नाही. त्या खऱ्या फर्मच्या आणि मला मेल पाठवणाऱ्यांच्या ईमेलच्या पत्त्यांत एका आडव्या रेघेचा फरक होता.

जाहिरातीतल्या शब्दावरूनही पुष्कळ कळतं. अमेरिकन जाहिरातीत ‘अटर्नी’ म्हटलं की तिथल्या एखाद्या राज्याचा परवाना असलेला वकील अपेक्षित असतो. आपल्या सनदेवर ते काम मिळत नाही. न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियाची बार परीक्षा भारतीय वकिलांना देता येते, पण ती दिली पाहिजे. आपल्याला मिळतं ते लीगल असोसिएट, काँट्रॅक्ट ॲनालिस्ट, डॉक्युमेंट रिव्ह्यूअर असलं काम, आणि ते बहुतेक वेळा भारतात नोंदलेल्या कंपनीमार्फत, भारतीय करारावर, रुपयांत. मुलाखत घेणारा तोंड दाखवतो. लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर कंपनी देते. पूर्णवेळ असेल तर सनदेचं काय करणार, हे ते स्वतःहून विचारतात. माझ्या ओळखीतल्या एकाला तर आधी सनद स्थगित केल्याचं पत्र आणा म्हणून सांगितलं होतं, तेव्हा आम्ही त्या कंपनीला नावं ठेवली होती.

आता कागदपत्रांचं. कुठलीही प्रत देताना तिच्यावर आडवं लिहा: कुणासाठी, कशासाठी, तारीख. आधार द्यायचंच असेल तर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार द्या. पॅन गेला असेल तर आपल्या नावावर कुठे कर्ज उचललं गेलंय का, ते क्रेडिट रिपोर्टमध्ये पाहत राहा. मी पाहते आहे, अजून तरी काही नाही.

सनदेचं मात्र झालं. गेल्या महिन्यात लातूरहून एका मुलीचा फोन आला. नुकतीच सनद मिळालेली, आवाजात संकोच. “ताई, तुम्ही त्या शिकागोच्या फर्मला आहात ना? त्यांनी तुमची सनद पाठवली, पुण्याच्या पॅनलवर आहात म्हणून. विम्याचे पैसे भरायचे आहेत, भरू का?” माझ्या सनदेवरून तिने माझा नंबर शोधून काढला होता. एनडीएवर सही करूनही तिने फोन केला, याचं मला कौतुक वाटलं. तिचे पैसे वाचले, पण तिचेही कागद गेलेत. तिने तिकडे तक्रार दिली आहे आणि दोन्ही तक्रारींचे क्रमांक आम्ही एकमेकींच्या अर्जात जोडलेत. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला मी लेखी कळवलंय की माझी सनद दाखवून कुणी नेमणुका करत असेल तर तो मी नेमलेला माणूस नाही. पत्राची पोच आहे, उत्तर यायचंय. तोवर माझं नाव पुढे करून तुमच्याकडे कुणी हप्ता, लायसन्स किंवा डिपॉझिट मागितलं तर चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट आणि क्यूआर कोड जपून ठेवा, पैसे गेले असतील तर आधी १९३० लावा आणि मग मला कळवा. तुमच्याही तक्रारीचा क्रमांक आमच्या अर्जात जोडू.