फ्रेटचं काम करून आणलं, आणि नेकवरच्या चऱ्यांवर दुसऱ्यांदा पैसे गेले

गिटारच्या नेकवरच्या (तारा दाबतो त्या लांब दांडीवरच्या) साध्या, बारीक चऱ्यांपायी एका कारागिराने फ्रेटच्या कामानंतर माझ्याकडून पुन्हा पैसे घेतले. चरे त्यानेच पाडलेले होते, आणि दुसऱ्यांदा घेतलेले पैसे न केलेल्या कामाचे होते. तुम्ही फ्रेटचं, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांचं, काम करून घ्यायच्या विचारात असाल तर गिटार सोपवण्याआधी हे वाचाच.

सातव्या फ्रेटपासून पुढे तारा झणझणायला लागल्या होत्या. ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक सुधारणारी सळई) फिरवून फरक पडेना, म्हणून लेव्हलिंगला, म्हणजे सगळे फ्रेट घासून एका पातळीत आणायला दिली. परत मिळाली तेव्हा फ्रेट लखलखत होते आणि रोजवूडचा फ्रेटबोर्ड (फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) अगदी काळाभोर दिसत होता. झणझण गेली होती. मी पैसे देऊन खुशीत घरी आले. तो काळाभोर रंग तेलाचा आहे, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

आठवड्याभरात तेल सुकलं आणि फ्रेटांच्या मधल्या जागेत करड्या रेघा दिसायला लागल्या. सगळ्या लाकडाच्या रेषांना आडव्या, आणि फ्रेटला जितक्या लगत तितक्या दाट. लेव्हलिंगनंतर फ्रेटचा माथा पुन्हा गोल करतात त्याला क्राउनिंग म्हणतात. त्याची कानस फ्रेटच्या दिशेने चालते, म्हणजे लाकडाला आडवीच. फ्रेटबोर्डवर मास्किंग टेप लावलेली नसेल आणि कानस घसरली, तर नेमके असे चरे पडतात. फ्रेटची टोकं घासताना नेकच्या मागच्या कडेलाही चार-पाच ओरखडे आले होते.

गिटार घेऊन परत गेले. तो म्हणाला, "हे आधीचेच आहेत. फ्रेट चमकले म्हणून आता तुमच्या डोळ्यांना दिसतायत." माझ्याकडे आधीचा एकही फोटो नव्हता. मग म्हणाला, "नेकचं पॉलिश जुनं झालंय. पूर्ण उतरवून नवं मारावं लागेल, नाहीतर चरे वाढत जातील." लाकडातला चरा आपोआप वाढत नाही. पण मी घाबरले होते, ती गिटार माझ्या फार जवळची आहे. आगाऊ पैसे दिले.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी गिटार हातात. नेकची पाठ मुळात सॅटिन, म्हणजे मंद आणि हाताला कोरडी; ती आता काचेसारखी चमकत होती. अंगठा सरकताना चिकटायचा. "नवं पॉलिश आहे, असंच लागतं," हे त्याचं उत्तर.

तीन दिवसांनी तारा बदलताना चिकटपणा जावा म्हणून नॅप्थाने (मेण-तेल विरघळवणाऱ्या द्रवाने) पाठ पुसली. फडक्यावर पिवळट मेण आलं आणि खाली तेच ओरखडे, त्याच जागी. मग मी तिसऱ्या फ्रेटच्या मागे नखाने चाचपलं. तिथे मूळ पॉलिशचा एक टवका कित्येक वर्षांपूर्वी उडाला होता. तो तसाच, त्याच धारदार कडेसह. पॉलिश खरोखर उतरवलं असतं, तर त्या टवक्याची कड उरली कशी असती? शिवाय पॉलिशचे हात एकावर एक मारायला आणि ते वाळायला दिवस लागतात. नायट्रोसेल्युलोज लॅकर असेल तर ते पक्कं व्हायला आठवडे जातात. एका रात्रीत नेक नवा होत नाही. त्याने सॅटिनवर कंपाउंड (चमक आणणारी पेस्ट) घासून चमक आणली होती आणि चऱ्यांत मेण भरलं होतं.

जाब विचारला तर म्हणे, "तुम्हीच पुसून काढलंत." पैसे परत मिळाले नाहीत. कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

शेवटी माझ्या सरांच्या ओळखीतल्या एका काकांनी समोर बसवून काम दाखवलं. आधी त्यांनी चऱ्यावरून आडवं नख फिरवलं. नख अडकत नव्हतं. "वरवरचं आहे गं, उगाच जीव टांगणीला लावलास." मग प्रत्येक फ्रेटवर टेप आणि पिकअपवरही (तारांचा कंप टिपणाऱ्या चुंबकी भागावरही) टेप, कारण शेवटी वापरायच्या पोलादी लोकरीचा, म्हणजे लोकरीसारख्या बारीक पोलादी तारेचा, चुरा चुंबकाला चिकटून बसतो. पाण्याचा थेंबही न लावता सहाशे नंबरचा पॉलिश पेपर, पुढे आठशे, मग बाराशे, दरवेळी लाकडाच्या रेषांच्याच दिशेने. आडवा हात एकदाही नाही. शेवटी शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरची पोलादी लोकर, आणि मिनरल ऑइलचे दोन थेंब पुसून कोरडे. तेल सगळ्यात शेवटी. तेल लावलेल्या ओल्या लाकडावर चरा दिसतच नाही, आणि माझी फसगत तिथेच झाली होती.

हे सगळं उघड्या लाकडाच्या फ्रेटबोर्डसाठी. मेपलच्या फ्रेटबोर्डवर बहुधा पॉलिशचा थर असतो, तिथे असं घासलं तर तो थरच जाईल.

म्हणून गिटार देताना दिवा तिरपा धरून फ्रेटबोर्डचे आणि पाठीचे फोटो काढा, देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या देखत. टेप लावणार का, हे तोंडावर विचारा. चांगल्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही. परत घेताना कोरडं पांढरं फडकं फिरवा. त्यावर तेल किंवा काळा रंग आला तर पूर्ण पुसून घ्या, मग उजेडात बघा, आणि मगच पैसे द्या. पॉलिश पूर्ण नवं करायला सांगितलं, तर नेकवरची एखादी जुनी खूण आधी मनात पक्की करून ठेवा.

माझा फ्रेटबोर्ड आता स्वच्छ आहे. पाठीचं मात्र पूर्ण जमलं नाही. काकांनी करड्या स्क्रबरने लांबीच्या दिशेने घासून चमक बरीच मारली, पण बॉडीला जोड आहे तिथे कंपाउंड खोल घासलं गेलंय. बाराव्या फ्रेटच्या पुढे हात गेला की अंगठा अजूनही तिथे चिकटतो.