पुढच्या चाकाची घरघर पकडणारा सहा चिमट्यांचा संच

सहा चिमटे, सहा लांब वायरी, खटक्याची एक डबी आणि हेडफोन. ‘चेसिस इअर’ म्हणून जो संच मिळतो त्यात एवढंच असतं. प्रत्येक चिमट्याला छोटा मायक्रोफोन असतो. तो गाडीखाली ज्या लोखंडाला लावाल, त्याचा आवाज चालत्या गाडीत बसून ऐकायचा. खटका फिरवला की पुढचा चिमटा. माझ्या पिकअपच्या पुढून येणाऱ्या घरघरीसाठी मी तो घेतला आणि त्या कामात तो चोख निघाला. खोक्यावर मात्र ‘आवाज आणि कंपन दोन्ही शोधा’ असं छापलंय. त्यातलं कंपन विसरा.

माझी गाडी मागच्या चाकांना जोर असलेली. ती जॅकवर घेऊन इंजिन चालू केलं तरी पुढची चाकं जागची हलत नाहीत, त्यामुळे उभ्या गाडीच्या भागांना लावून ऐकायचा मेकॅनिकचा साधा स्टेथोस्कोप इथे फारसा उपयोगाचा नाही. अशा घरघरीत पहिला संशय चाकाच्या बेअरिंगवर. पण हाताने चाक फिरवावं तर बेअरिंगवर वजन नसतं, आणि बिघाड नुकता सुरू झालेला असेल तर ते गपगुमान फिरतं. ते बोलतं रस्त्यावर, भाराखाली.

संच लावण्याआधी फुकटातल्या तपासण्या उरकून घ्याव्यात. माझी घरघर ताशी ४० च्या पुढे सुरू व्हायची. गिअर काढून गाडी नुसती घरंगळू दिली तरी तशीच, म्हणजे इंजिनावरचा संशय गेला. डांबरावरून काँक्रीटवर गेलं तरी सूर तोच, म्हणजे टायरवरचा संशय कमी झाला. मग चाक उचलून, खाली स्टँड लावून, वर-खाली धरून हलवलं. इथे प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट, म्हणजे नकल आणि आर्म जोडणारा गोळ्याचा सांधा. डावी-उजवीकडे धरून हलवलं की टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा, कळतो. माझ्याकडे कुठेच काही लागलं नाही.

राहिली बाजू. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकं डावीकडे घेतलं की भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग, आणि उलट केलं तर डावं. पण फरक इतका पुसट होता की मला उजवं वाटायचं आणि शेजारी बसलेल्या धाकट्या भावाला डावं. अंदाजाने हब (चाक ज्यावर बसतं तो बेअरिंगसकटचा भाग) बदलत बसण्यापेक्षा हा संच बरा.

लावण्यात वेळ जातो, आणि सगळी मेख तिथेच आहे. दोन्ही बाजूंना जागा अगदी तीच हवी, नाहीतर तुलना करणार कशाची? मी दोन चिमटे नकलवर (हब ज्यात बसतो तो लोखंडी भाग), दोन चाक सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या आर्मवर, एक गिअरबॉक्सच्या माउंटिंगजवळ आणि एक प्रॉपेलर शाफ्टच्या मधल्या बेअरिंगच्या ब्रॅकेटवर लावला. आधी तारेच्या ब्रशने चिखल खरवडला. ब्रेकच्या डिस्कमागच्या पातळ पत्र्याला चिमटा लावू नका, पत्रा स्वतःच वाजत राहतो. वायरी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधून सायलेन्सर आणि फिरत्या भागांपासून लांब ठेवा, आणि निघण्याआधी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून वायर ताणली जात नाही ना ते बघा. चिमट्याचा जबडा लहान आहे, नकलच्या जाड भागावर बसतच नाही. कड शोधावी लागते. पहिली तक्रार ही.

हेडफोन चालवणाऱ्याने घालायचा नाही. भावाने घातला, आणि कुठला नंबर कुठे लावलाय हे मी त्याला सांगितलं नव्हतं. मनातला संशय कानात शिरायला नको. ठरावीक वेगाला, व्हॉल्यूम न बदलता तो खटका फिरवत गेला आणि म्हणाला, ‘तीन नंबर. दोनमध्येही तेच आहे, पण बारीक.’ तीन म्हणजे डावी नकल, दोन म्हणजे डावा आर्म. उजवीकडेही थोडं ऐकू येत होतं, कारण सांगाडा एकच आणि लोखंडातून आवाज पलीकडे पोचतो. म्हणून एकाच चिमट्यावर ऐकून निकाल देऊ नये, सगळे तोलून बघावेत. डावा हब उघडला तर रेसचे, म्हणजे बेअरिंगमधल्या कड्याचे, खवले निघालेले. माझ्याकडे हब सीलबंद आहे, अख्खाच बदलला. घरघर बंद.

पण गाडीला थरथरही होती, ती तशीच! ८० ला स्टिअरिंग हलायचं. इथे हिशोब करा. माझ्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर, ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला दहाएक फेरे घेतं. माणसाच्या कानाला साधारण २० च्या खालची कंपनं ऐकूच येत नाहीत, मग हेडफोन काय ऐकवणार? ब्रेक न दाबताही हलतंय म्हणून डिस्कचा प्रश्न नव्हता. पुढची चाकं मागे टाकली, तेव्हा स्टिअरिंग शांत झालं आणि थरथर सीटखाली आली. बॅलन्सिंगच्या मशीनवर एक रिम डोळ्यांना दिसेल इतकी वाकडी फिरली. तिला वजनं लावून काय होणार? रिम बदलली.

बाकी तक्रारी किरकोळ. हेडफोन अगदी सुमार, खटका फिरवताना कानात कडकड होते, रेकॉर्डिंगची सोय नाही. वायरींवरचे नंबर चिखल-तेलाने लगेच पुसतात, म्हणून दोन्ही टोकांना रंगाचे पट्टे मारून घ्या. बिनवायरीचे संचही मिळतात आणि बांधाबांध वाचते, पण प्रत्येक चिमट्याची बॅटरी सांभाळत बसावी लागते. रोज दुसऱ्यांच्या गाड्या बघणाऱ्याने ते घ्यावेत. घरच्या एका पिकअपला वायरवाला पुरतो.