बर्डीवरील डेटा रिकव्हरीचे दुकान: डिस्कची मांडणी दाखवून काम करणारी सेवा

आमच्या संस्थेच्या स्मरणिका आणि कार्यक्रमांची छायाचित्रे ज्या लिनक्स संगणकावर होती, त्याची हार्ड डिस्क वीज गेल्यानंतर माउंट होईना, म्हणजे संगणकाला उघडता येईना, आणि पडद्यावर सुपरब्लॉक (डिस्कच्या मांडणीची मुख्य नोंद) खराब असल्याचा संदेश येऊ लागला. नागपूरच्या मोरभवन बसस्थानकापासून चालत जाता येईल अशा, सीताबर्डीच्या एका गल्लीतील छोट्या दुकानात मी ती नेली. बहुतेक फाईली परत मिळाल्या, हे तर आहेच. पण डिस्कवर काय कुठे असते हे ग्राहकासमोर उघडून दाखवून, काय परत येईल आणि काय येणार नाही हे काम हाती घेण्याआधीच सांगणारे दुकान मला नागपुरात प्रथमच भेटले.

मूळ डिस्क त्यांनी एकदाच जोडली, ती प्रत काढण्यासाठी. पुढचे सगळे त्या प्रतीवर. टेबलावर बसणाऱ्या ताईंनी ती प्रत हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडली आणि ईएक्सटी४ची, म्हणजे लिनक्सच्या फाईली साठवण्याच्या पद्धतीची, मांडणी सांगायला सुरुवात केली. पार्टिशनच्या (डिस्कच्या विभागाच्या) आरंभापासून १०२४ बाइट सोडले की सुपरब्लॉक लागतो. ब्लॉकचा (साठवणीच्या ठरावीक तुकड्याचा) आकार, एकूण ब्लॉक आणि आयनोड (एकेका फाईलची माहिती ठेवणाऱ्या नोंदी) यांची संख्या त्यात असते, आणि त्याच्या आत ५६ बाइट पुढे गेल्यावर ‘५३ ईएफ’ ही ओळखीची खूण दिसायला हवी. आमच्या डिस्कवर तिथे नुसती शून्ये होती. मग ताई ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर गेल्या, आणि तिथे ती खूण शाबूत होती. ब्लॉक ४०९६ बाइटचा असेल, तर एका ब्लॉक गटात ३२७६८ ब्लॉक, म्हणजे १२८ एमआयबी (मेबिबाइट) जागा मावते; आणि सुपरब्लॉकच्या राखीव प्रती १ क्रमांकाच्या गटात तसेच ३, ५ व ७ यांच्या घातांच्या गटांत ठेवलेल्या असतात. सुपरब्लॉकच्या त्या राखीव प्रतीच्या आधारे एफएससीके हा दुरुस्तीचा प्रोग्राम चालवल्यावर फोल्डर दिसू लागले. आयनोड तक्ते धडधाकट असताना केवळ पहिला सुपरब्लॉक गेला म्हणून डिस्क मेली असे समजून फॉरमॅट करणारे लोक किती गमावत असतील, हे त्या क्षणी लक्षात आले.

काही छायाचित्रे मात्र ‘लॉस्ट अँड फाउंड’ फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावांनी आली. ताईंनी याची कल्पना आधीच दिली होती: “फाईलचं नाव आयनोडमध्ये नसतं, ते डिरेक्टरीच्या, म्हणजे फोल्डरच्या, ब्लॉकमध्ये असतं. तो ब्लॉक गेला तर फोटो येईल, पण नाव येणार नाही.” आयनोडमध्ये आकार, मालक, वेळा आणि डेटा कोणत्या ब्लॉकांत आहे अशी माहिती असते, नाव नसते, हे त्यांनी एक आयनोड उघडून दाखवले. त्यामुळे छायाचित्रांच्या तारखा टिकल्या आणि नावे तारखांवरून लावता आली.

याच डिस्कवरून पूर्वी कोणीतरी पुसलेल्या एका फोल्डरबद्दलही मी विचारले. ईएक्सटी४मध्ये फाईल पुसताना आयनोडमधील ब्लॉकांचा पत्ताच कोरा होतो, म्हणून तिथे जेपीईजी छायाचित्रांच्या सुरुवातीच्या ‘एफएफ डी८ एफएफ’ या बाइट शोधत जाणे एवढाच मार्ग उरतो, आणि तुकड्यांत विखुरलेली छायाचित्रे त्याने नीट येत नाहीत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्या कामाचे पैसे घ्यायलाही त्या तयार नव्हत्या. हा सल्ला मला सर्वांत मोलाचा वाटला.

तपासणीचे शुल्क आधी आणि उरलेले पैसे फाईलींची यादी ग्राहकाने पाहिल्यानंतर, ही पद्धत चोख आहे. जागा अरुंद असून संध्याकाळी गर्दी होते, त्यामुळे समजून घ्यायचे असेल तर सकाळी जाणे बरे. एक त्रुटी गंभीर आहे: पावतीवर फक्त ‘हार्ड डिस्क, १ नग’ असे लिहितात. डिस्कचा अनुक्रमांक त्यावर यायलाच हवा. तोवर ग्राहकाने तो आग्रहाने लिहून घ्यावा. मी सांगितल्यावर त्यांनी तो लगेच लिहून दिला.