आठवणी, चिंतन, पत्रे की तंत्र : चित्र काढणाऱ्याने आधी कोणते पुस्तक घ्यावे?

साताऱ्यात माझ्याकडे रविवारी चित्रे काढायला येणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी दर वर्षी जूनच्या सुमारास विचारतेच, की चित्रकलेवरचे एकच पुस्तक विकत घ्यायचे झाले तर कोणते घ्यावे. विचारणाऱ्यांत इंटरमीजिएट परीक्षा पार पडलेली मुले असतात, कलाशिक्षक पदविकेकडे वळू पाहणाऱ्या मुली असतात आणि तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर पुन्हा ब्रश हातात घेतलेले लोकही असतात. या सर्वांना एकच नाव सांगणे मला कधीच योग्य वाटले नाही. पुस्तक चांगले की वाईट, यापेक्षा आपला हात नेमका कुठे अडला आहे हे आधी पाहावे लागते, आणि त्या अडचणीला कोणत्या प्रकारचे पुस्तक उपयोगी पडेल ते त्यावरून ठरते. म्हणून येथे मी चार प्रकार शेजारी शेजारी ठेवतो : चित्रकाराचे आत्मकथन, चित्रकाराचे चिंतन, चित्रकाराची पत्रे आणि तंत्राची हस्तपुस्तिका. पहिल्या दोन प्रकारांवर मी अधिक रेंगाळणार आहे, कारण मराठी वाचकाला त्यांत निवड करण्यासारखे खरोखर काही आहे.

आत्मकथनांत मी रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ सर्वांत वर ठेवतो. धुरंधरांचा जन्म १८६७ साली कोल्हापुरात झाला. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून आले आणि पुढे तेथेच शिक्षक होऊन १९३१ मध्ये निवृत्त झाले. पुस्तकाच्या नावातली एकेचाळीस वर्षे ती हीच. १९४० साली प्रसिद्ध झालेले हे लेखन आजच्या वाचकाला भाषेने थोडे जुने वाटेल, परंतु त्यातून एका माणसाची कामाची शिस्त दिसते, आणि तीच विद्यार्थ्याला हवी असते. कोल्हापुरासारख्या गावातून आलेला मुलगा ग्रिफिथ्ससारख्या प्राचार्याच्या हाताखाली कसा घडतो, वर्गातले काम, बक्षिसासाठीचे काम आणि पोटासाठीचे काम यांची सांगड कशी घालतो, पुस्तकांची चित्रे आणि मोठी तैलचित्रे एकाच काळात कशी हातावेगळी करतो, हे सारे त्याच्याच तोंडून ऐकायला मिळते. साताऱ्यातून पुण्या-मुंबईच्या कलामहाविद्यालयाची वाट धरणाऱ्या मुलाला यातले अंतर परके वाटत नाही. त्याच्या पालकांनीही हे पुस्तक वाचावे असे मी आग्रहाने सांगतो, कारण चित्रकला हा रोज ठरलेल्या वेळी बसून करायचा व्यवसाय आहे, हे घरच्यांना समजावून देण्यासाठी याहून चांगले साधन मला मिळालेले नाही.

या पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. धुरंधर जे घडले ते सांगतात. चित्र मनात कसे आकाराला येते, विषयापलीकडे चित्रात काय असते, असे प्रश्न ते फारसे उपस्थित करत नाहीत. ज्या यथार्थदर्शी परंपरेत ते वाढले तिच्याविषयी त्यांच्या मनात शंका नाही, आणि त्यामुळे नव्या चित्रकलेविषयी प्रश्न घेऊन येणाऱ्या वाचकाची येथे निराशा होते. शिवाय त्यांच्या हकिगतीत संस्थेतली माणसे, समारंभ आणि मानसन्मान यांना बरीच जागा मिळते, आणि ती पाने मी स्वतःही घाईने उलटतो. त्यांची कन्या अंबिका धुरंधर याही चित्रकार होत्या. त्यांचे ‘माझी स्मरणचित्रे’ जोडीला वाचले तर त्याच घराची दुसरी बाजू कळते, आणि त्या पिढीतील स्त्रीला चित्रकलेचे शिक्षण घेताना काय काय सांभाळावे लागे, तेही ध्यानात येते. पदविकेकडे वळणाऱ्या मुलींना मी ही जोडी सुचवतो.

दुसऱ्या प्रकारात प्रभाकर बरवे यांचा ‘कोरा कॅनव्हास’ येतो. बरवे (१९३६–१९९५) यांनीही जे. जे. मध्येच शिक्षण घेतले, तेही धुरंधर निवृत्त झाल्यानंतर दोन दशकांहून अधिक काळाने. नंतर विणकर सेवा केंद्रात नोकरी करताना ते काही वर्षे वाराणसीत राहिले. त्यांचे हे पुस्तक १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. धुरंधरांच्या पुस्तकात ब्रश कागदाला लागल्यानंतरचे जग आहे, तर बरवे ब्रश लागण्याआधीच्या स्तब्धतेविषयी लिहितात. वस्तू आणि तिच्या भोवतीची रिकामी जागा यांचे नाते काय, ओळखीची वस्तू तिच्या नेहमीच्या जागेवरून उचलली तर तिचा अर्थ कसा बदलतो, पाहणे आणि कल्पिणे यांच्या मधली सीमा कुठे असते, अशा प्रश्नांवर ते सावकाश, साध्या मराठीत विचार करतात. त्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, फळ, डबा अशा घरगुती वस्तू मोठ्या सपाट अवकाशात एकेकट्या येतात. ती चित्रे ज्याला गूढ वाटतात त्याने आधी हे लेखन वाचावे आणि मग चित्रांकडे परत जावे.

हे पुस्तक कोणी घेऊ नये, तेही मी स्पष्ट सांगतो. ज्याला अजून स्थिरचित्रातला तांब्या दोन्ही बाजूंनी सारखा उतरवता येत नाही, त्याच्या हाती ‘कोरा कॅनव्हास’ लवकर पडला तर त्याचे नुकसान होऊ शकते. रेषेची मेहनत टाळण्यासाठी चिंतनाचा आधार घेण्याचा मोह त्या वयात फार प्रबळ असतो, आणि माझ्या दोन चांगल्या विद्यार्थ्यांची त्या मोहात वर्ष-दीड वर्षे गेलेली मी पाहिली आहेत. याउलट, ज्याचा हात तयार आहे, ज्याची मेणवलीच्या घाटाची आणि अजिंक्यताऱ्याची जलरंगातली चित्रे लोक कौतुकाने भिंतीवर लावतात, आणि तरीही पुढचे चित्र मागच्यासारखेच होते म्हणून जो मनातून अस्वस्थ आहे, त्याने दुसरे काहीही न पाहता हेच पुस्तक घ्यावे. माझ्या स्वतःच्या आयुष्यात चाळिशीच्या सुमारास असा काळ आला होता. तेव्हा या पुस्तकामुळे मी दोन महिने घाट, मंदिरे आणि झाडे यांना हात न लावता खिडकीतल्या एका रिकाम्या कुंडीची तीसेक रेखाटने केली. ती कोणाला दाखवण्यासारखी नव्हती, परंतु त्यानंतर माझ्या निसर्गचित्रांतले आकाश ही केवळ उरलेली जागा राहिली नाही.

पत्रांचा प्रकार या दोहोंच्या मधला आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, चित्रकार होण्याचे ठरवले आणि १८९० मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्या दहा वर्षांतला बहुतेक प्रवास त्याने भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रांतून कळतो. थिओच्या पत्नीने, योहानाने, ती पत्रे १९१४ मध्ये प्रसिद्ध केली. आज अॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाने ती सर्व पत्रे, त्यांतल्या रेखाटनांसह आणि इंग्रजी अनुवादासह, संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत, त्यामुळे या प्रकारासाठी खर्च करण्याची गरज उरलेली नाही. उशिरा सुरुवात करणाऱ्यांनी ती विशेष वाचावीत. सुरुवातीला तो शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराच्या सरावपट्टांवरून चिकाटीने नकला करत होता आणि हेगमध्ये असताना त्याने दोऱ्या ताणलेली चौकट बनवून घेतली होती, तिच्यातून पाहून तो यथार्थदर्शन, म्हणजे जवळच्या-दूरच्या वस्तूंचे दिसणारे प्रमाण, साधत असे. तशी चौकट आपल्याकडचा कोणताही सुतार तासाभरात करून देतो. मी ती करून घेतली आहे आणि माहुलीच्या संगमावरच्या मंदिरांची शिखरे काढताना ती फार उपयोगी पडते. व्हॅन गॉगविषयी रंगवल्या जाणाऱ्या दंतकथांपेक्षा ही चौकट विद्यार्थ्याच्या अधिक कामाची आहे. ज्याला इंग्रजी वाचनाचा कंटाळा आहे त्याने मात्र हा प्रकार मागे ठेवावा. त्याच्यासाठी माधुरी पुरंदरे यांचे ‘पिकासो’ हे मराठीतले चरित्र आहे, आणि स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या व्यक्तीने ते लिहिलेले असल्याने त्यात चित्राविषयीची समज पक्की आहे. अर्थात, चरित्र वाचताना आपल्याला चित्रकार बाहेरून दिसतो आणि पत्रांत तो आतून बोलतो, एवढा फरक राहतोच.

तंत्राच्या हस्तपुस्तिका सर्वांत जास्त विकल्या जातात आणि माझ्या मते सर्वांत जास्त विचार करून घ्याव्यात. बाजारात मिळणाऱ्या जलरंगाच्या अनेक पुस्तिका थंड, दमट हवेच्या देशांत लिहिलेल्या आहेत. पहिला हात ओलसर असतानाच दुसरा रंग सोडावा, असे त्यांत लिहिलेले असते. पण एप्रिलमध्ये साताऱ्यात दुपारी अकरा वाजता उघड्यावर बसले तर दुसरा रंग कालवेपर्यंत पहिला हात वाळलेला असतो, आणि जुलैमध्ये कासकडे गेले तर तोच कागद अर्धा तास ओला राहतो. हा दोष पुस्तिकेचा नव्हे, परंतु वेळेचे आकडे जसेच्या तसे घेणाऱ्या नवशिक्याला स्वतःचा हात वाईट आहे असे वाटू लागते. मीही उमेदीच्या काळात दोन महिन्यांची बचत घालून असे एक जाडजूड परदेशी पुस्तक घेतले होते आणि त्यातल्या कृती पाळून कितीतरी कागद वाया घालवले.

पुस्तिका घ्यायचीच असेल तर दुकानात उभे राहून दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, तिच्यात कागदाच्या वजनाविषयी काही सांगितले आहे का, कारण चौरस मीटरला ३०० ग्रॅमचा कागद आणि शाळेच्या चित्रवहीचा कागद यांवर तीच कृती वेगवेगळी उतरते. दुसरी, रंगांची केवळ व्यापारी नावे दिली आहेत की रंगद्रव्याचे क्रमांकही दिले आहेत. नळीवर ‘पीबी २९’ असेल तर आत अल्ट्रामरीन आहे हे निश्चित कळते, आणि ‘पीआर ८३’ म्हणजे पारंपरिक अॅलिझरिन क्रिमसन, तो प्रकाशात फिका पडतो, हेही कळते. ज्या पुस्तिकेत या दोन्ही गोष्टी नाहीत तिच्यावर पैसे खर्च करू नयेत. ज्यात आहेत तीही आधी ग्रंथालयातून आणून महिनाभर वापरून पाहावी.

कलेच्या इतिहासाचे मोठे सर्वसमावेशक ग्रंथ मी या तुलनेत घेतलेले नाहीत. ज्या मराठी विश्वकोशाचे काम आपल्याच जिल्ह्यात, वाईत, चालते, त्यातल्या कलाविषयक नोंदी इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात, आणि सुरुवातीला तेवढ्याने भागते.

धुरंधर आणि बरवे यांत ज्यांचा निर्णय होत नाही, त्यांच्यासाठी आणखी एक व्यवहारी बाजू आहे. छापील चित्र निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शाईंच्या ठिपक्यांतून तयार होते, त्यात मूळ चित्राचा आकार, रंगाचा थर आणि पृष्ठभागाची चमक उतरत नाही. म्हणून ज्या चित्रकाराची मूळ चित्रे आपल्याला जाऊन पाहता येतात, त्याचे पुस्तक आपल्याकडे अधिक फळ देते. बरवे यांची मूळ चित्रे पाहायची तर मुंबई गाठावी लागते. धुरंधरांसाठी मात्र रहिमतपूरमार्गे औंध पुरेसे आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये तेथे टेकडीवर उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा आणि बाबूराव पेंटर यांच्याबरोबर धुरंधरांचीही चित्रे आहेत, आणि हेन्री मूरचे ‘माता आणि मूल’ हे लहानसे शिल्पही त्याच छताखाली आहे. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी बहुधा धुरंधरच आधी घ्यायला सांगतो. पुस्तकाची पहिली शंभरेक पाने वाचून झाली की एका सकाळी औंधला जावे, धुरंधरांच्या एकाच चित्रासमोर अर्धा तास बसून त्यातल्या प्रकाशाची दिशा आणि सर्वांत गडद जागा वहीत टिपावी, आणि परत निघण्यापूर्वी मूरच्या त्या शिल्पापाशीही तितकाच वेळ थांबावे. धुरंधरांना न पडलेले प्रश्न ज्याला त्या शिल्पासमोर पडू लागतील, त्याने पुढच्या महिन्यात ‘कोरा कॅनव्हास’ मागवावा.