प्रशांत दामले टीव्हीवर बघणं वेगळं आणि गडकरीला बघणं वेगळं : एका लग्नाची पुढची गोष्ट

आधीच सांगतो, नाटकाला जायचं माझ्या मनात अजिबात नव्हतं. रविवारची दुपार, जेवण झालेलं, आणि डोंबिवलीहून लोकल पकडून ठाण्याला गडकरी रंगायतनला जायचं म्हणजे अंगावर काटाच. पण आईने महिनाभर आधीपासून लावून धरलं होतं की एकदा तरी प्रशांतला परत स्टेजवर बघायचाय (आई त्यांना एकेरीतच म्हणते, भाचा असल्यासारखं). बायको म्हणाली मी येत नाही, टीव्हीवर रोज बघितलाय तो माणूस, त्यापेक्षा मी झोपते. मग आई, मी आणि तेरा वर्षांची लेक, अशी तीन तिकिटं काढली. पाचशेवाल्या रांगा गेल्या होत्या, चारशेच्या मिळाल्या.

गंमत म्हणजे तिघांचे दामले तीन वेगळे. लेकीला ते टीव्हीवरच्या किचन कल्लाकारमधले महाराज म्हणून माहीत, सिंहासनावर बसून टोमणे मारणारे. मला आम्ही सारे खवय्येवाले, एप्रन घालून गाणी म्हणत कढईत डोकावणारे. आमच्याकडे आईची एक वही आहे त्या कार्यक्रमावरून उतरवून घेतलेल्या पदार्थांची, त्यातली निम्मी कृती अर्धवट आहे, एका पानावर चक्क लिहिलंय "पुढचं राहिलं, प्रशांत बोलत होता". आणि आईचे स्वतःचे दामले म्हणजे मोरूची मावशी आणि गेला माधव कुणीकडे या नाटकांच्या काळातले, ट्रेनमधे तिने लेकीला "अरे हाय काय अन् नाय काय" म्हणून दाखवलं तेव्हा समोरच्या सीटवरचे काका पेपर खाली करून हसले.

नाटकाबद्दल थोडक्यात. 1998 ला एका लग्नाची गोष्ट आलं होतं, दामले आणि कविता लाड, आणि त्यातलं ते सुख म्हणजे नक्की काय असतं हे गाणं, श्रीरंग गोडबोलेंचे शब्द आणि अशोक पत्कींची चाल, जे नाटक न बघितलेल्यांनाही पाठ आहे. त्यानंतर 20 वर्षांनी, 2018 मधे हीच जोडी घेऊन अद्वैत दादरकरने हे पुढची गोष्ट लिहिलं आणि बसवलं. म्हणजे तेव्हाचं नवीन जोडपं आता मुरलेलं झालंय आणि संसारात तोचतोचपणा आलाय. गोष्ट सांगत नाही, कारण ती तुम्ही नवराबायकोने शेजारी बसून बघायची आहे आणि मधेमधे एकमेकांकडे बघायचं टाळायचंय. पण एक सांगतो, ती वीस वर्षं मेकअपने दाखवायची गरज पडत नाही, ती दोघांच्या अंगावर खरीच गेलीयेत आणि समोर बसलेल्या आईसारख्यांच्याही गेलीयेत, त्यामुळे पडदा उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच थिएटरमधे एक ओळखीचं वातावरण तयार होतं, बरेच वर्षांनी नातेवाईकांकडे गेल्यासारखं.

आता मुद्द्याचं. दामलेंची एंट्री झाली, टाळ्या पडल्या, त्यांनी टाळ्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही, त्या विरेपर्यंत स्वतःचं काहीतरी काम करत राहिले आणि मग पहिलं वाक्य. पहिल्या अंकात मला वाटत होतं की हा माणूस काही करतच नाहीये. आवाज चढवत नाही, फार हातवारे नाहीत, इकडेतिकडे पळणं नाही, एखादं वाक्य तर इतकं सहज टाकतात की वाटतं हे लिहिलेलं नाहीच, आत्ता सुचलंय. आणि तरी लोक लोळतायत. मग मी गोष्ट सोडून फक्त हेच बघायला लागलो की हे नेमकं करतात काय.

तर ते आपल्याला ऐकतात. खरंच. हजारभर माणसांचा हशा एकदम येत नाही, आधी पुढच्या रांगा हसतात, मग मागच्या, मग बाल्कनी, आणि एखादा असतोच ज्याला उशिरा कळतं आणि सगळे थांबल्यावर एकटाच खिंकाळतो. दामले तो हशा वर चढू देतात, चढताना मधे बोलत नाहीत, आणि उतरायला लागला की अगदी शेवटच्या टोकाला पुढचं वाक्य ठेवतात. पूर्ण शांतता झाल्यावर नाही, त्याच्या अर्धा श्वास आधी. टीव्हीवर हे दिसूच शकत नाही कारण तिथे कुठे कापायचं ते एडिटर ठरवतो, इथे कात्री ह्यांच्या हातात. एकदा वाटलं, मुंबईच्या बस चालवणाऱ्या बेस्टमधे नोकरी केलेला माणूस आहे, शेवटचा पॅसेंजर फुटबोर्डवर चढल्याशिवाय डबल बेल देणार नाही. आणि जिथे हशा आला नाही (दोनतीन जागी नाही आला, खोटं कशाला बोलू) तिथे एक क्षणही रेंगाळले नाहीत, जणू ते वाक्य विनोदी नव्हतंच अशा थाटात पुढे. हे मला सगळ्यात भारी वाटलं. आपण घरी एखादा जोक पडला की तोच परत समजावून सांगतो.

6 नोव्हेंबर 2022 ला मुंबईत षण्मुखानंद सभागृहात दामलेंचा 12,500 वा प्रयोग झाला, तो याच नाटकाचा होता. तेव्हा बातमी वाचून नुसतं अरे वा म्हणून सोडून दिलं होतं. इंटरव्हलमधे लेकीने मोबाईलवर हिशोब केला, रोज एक प्रयोग, एकही सुट्टी नाही असं धरलं तरी 34 वर्षं होतात. ती म्हणाली बाबा, त्यांना कंटाळा नाही येत? आई म्हणाली, मला रोज पोळ्यांचा येतो का? मग स्वतःच म्हणाली, येतो.

कविता लाड-मेढेकर यांच्याबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. सगळे दामलेंचं टायमिंग टायमिंग करतात पण त्यातलं निम्मं या बाईंच्या चेहऱ्यावर उभं आहे. ते बोलत असताना ती नुसती ऐकत असते आणि तिच्या ऐकण्यावर लोक हसतात. एका जागी ती फक्त मान थोडी तिरकी करून बघते, एक शब्द नाही, आणि माझ्या उजव्या बाजूला बसलेल्या एका काकूंनी शेजारच्या नवऱ्याच्या दंडावर चापटी मारली. त्या नवऱ्याने काय केलं असेल बिचाऱ्याने माहीत नाही पण चापटी जोरात होती.

खटकलं ते पण लिहितो. दुसऱ्या अंकात मधला एक तुकडा मला लांबला असं वाटलं, तिथे आपल्याला पुढचं आधीच कळलेलं असतं आणि पात्रांना कळायला वेळ लागतो. शिवाय हे सुरक्षित नाटक आहे, घरातल्या कोणालाही सोबत घेऊन जा, कुठे अवघडल्यासारखं होणार नाही, पण प्रायोगिक वगैरे बघणाऱ्यांना यात चावायला काही मिळणार नाही. माझं तेवढ्यावर भागतं.

खरी तक्रार प्रेक्षकांबद्दल. तिसरी घंटा झाली, मोबाईल बंद करायची अनाउन्समेंट झाली, तरी दहा मिनिटं लोक टॉर्च मारत सीट शोधतायत, आणि ज्यांच्या पायावर पाय पडतोय त्यांनीच सॉरी म्हणायचं. आणि ते सुख म्हणजेवालं गाणं सुरू झालं तर माझ्या बरोब्बर पुढच्या माणसाने हात उंच करून रेकॉर्डिंग चालू केलं, ब्राइटनेस फुल, म्हणजे खरे दामले पंचवीस फुटांवर गातायत आणि मला दिसतायत ते त्याच्या सहा इंचांच्या स्क्रीनमधले. शेवटी आईने त्याच्या खांद्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाली, बाळा, तो समोर आहे. त्याने फोन खाली घेतला, बिचारा चाळिशीचा असेल.

गाण्याबद्दल काय बोलू. ते काही मैफिलीतल्या गवयासारखं गात नाहीत, बोलता बोलता गायला लागतात, कुठे बोलणं संपलं आणि कुठे सूर लागला ते कळत नाही, आणि शब्द एक न् एक ऐकू येतो. दुसऱ्या ओळीपासून अख्खं थिएटर हळू आवाजात सोबत, मोठ्याने कोणी नाही, देवळात म्हणतात तसं. लेकीला हे गाणं रीलवर पाठ होतं पण ते या नाटकमालिकेतलं आहे हे तिला त्या दिवशी कळलं. मी आईकडे बघितलं तर ती गात नव्हती, पर्समधे काहीतरी शोधत होती, बराच वेळ.

जाणाऱ्यांसाठी, पहिल्या दोन रांगा घेऊ नका, मान वर करून बसावं लागतं आणि चेहऱ्यांची गंमत हुकते, सातवी ते बारावी एकदम बरोबर. बाल्कनीपण चालेल, आवाज पोचवायची सवय असलेली माणसं आहेत. साडेचारचा प्रयोग घेतलात तर बाहेर पडल्यावर तलावपाळीला चक्कर होते आणि स्टेशनला जाताना कुंजविहारचा वडापाव, तो एक दोघात पुरतो असं म्हणतात, आम्ही तिघांनी तीन खाल्ले. चारशे रुपयांत अडीच तास असं हसलो, मल्टिप्लेक्सला तेवढ्यात पॉपकॉर्न येतात.

घरी आलो तर बायको उठून चहा पीत बसली होती. आई आणि लेक दोघी मिळून तिला नाटकातले प्रवेश करून दाखवायला लागल्या, अर्धे चुकीचे, वर हसू आवरेना म्हणून वाक्यं पूर्ण होईनात. तिला काही कळलं नाही, पण पुढच्या वेळी चार तिकिटं काढायची असं तिने मला सांगितलंय, आणि ज्या आवाजात सांगितलंय त्याला नाही म्हणायची सोय नाही.